पाहिलेलं घर

"घर तुला माहीतच आहे," असं ताई फोनवर म्हणाली आणि त्याच्या हातातली काच फडक्यातून निसटून काउंटरवरून खाली गेली. फुटली नाही. हल्लीच्या चष्म्याच्या काचा फुटत नाहीत, नुसत्या घरंगळतात आणि माणसाला गुडघ्यांवर आणतात. फोन खांद्याशी दाबून तो काउंटरखाली शिरला आणि तिथल्या धुळीत, हरवलेल्या इवल्या इवल्या स्क्रूंमध्ये हात फिरवत म्हणाला, "हो, माहीत आहे की." काउंटरखालून बोललेलं खोटं जरा घुमतं, असं त्याला वाटलं. पण ताईकडे नेहमीसारखा पंख्याचा घोंघाट होता, त्यात काय कळणार. "पंखा बंद कर गं, काही ऐकू येत नाही," तो म्हणाला. "थांब," ती म्हणाली, मग काहीतरी खसफसलं आणि आवाज दबला. "केला बंद. तर काय सांगत होते, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, नवा नंबर मिळाला, आता चष्मा तूच कर आणि तूच आणून दे. दुसऱ्याच्या हातचा मी घालणार नाही. जुना लावला की भिंती कलतात आणि काढला की भिंतीच जातात. ये रविवारी. रविवारी आम्ही कुठे जात नाही, ठाऊक आहे ना तुला."

ठाऊक होतं. तीच तर त्याच्या पोटातली गाठ होती. ताई टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाली तेव्हा तिने आणि मेहुण्यांनी दोन गल्ल्यांपलीकडची राहती जागा सोडली आणि थेट डोंगरात जाऊन घर केलं. हवा चांगली आहे म्हणे. त्याला राग आला होता, आणि राग आला आहे हे सांगायचीही सोय नव्हती, कारण पन्नाशीच्या माणसाने बहीण लांब राहायला गेली म्हणून रुसायचं नसतं. जन्मभर हाकेच्या अंतरावर असलेलं माणूस असं उठतं आणि हवा खायला जातं, आणि आपल्याला एका शब्दाने विचारत नाही, म्हणजे काय? तो गेलाच नाही. आज दुकान, उद्या दात, परवा पाऊस. शेवटी एका रविवारी बायकोने अक्षरशः गाडीत बसवून दिलं, तेव्हा तो शहर संपेपर्यंत गेला, जिथे शेवटचं चहाचं दुकान लागतं तिथे थांबला, चहा प्यायला, दुसरा प्यायला, आणि मागे वळला. तसं काही झालं नव्हतं. समोर डोंगर दिसत होते, आणि त्या डोंगरांमध्ये ताई त्याच्यावाचून मजेत आहे, एवढंच त्याला दिसलं. बुधवारी तिचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "आलो होतो गं, कुलूप होतं." एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं, पण खोटं एकदा दारातून आत घेतलं की त्याला पाणीही विचारावं लागतं. "बराच वेळ उभा होतो," तो म्हणाला. "बसायलाही काही नव्हतं. पाय मोडून आले." पलीकडे पंखा घोंघावत राहिला. मग ताई म्हणाली, "अगंबाई. बाजारात गेलो असू." आणि तेव्हापासून दर बुधवारी दुपारी, त्याच्या दुकानात माशा मारायची वेळ असते हे ओळखून ती फोन करायची, आणि फोन ठेवताना न चुकता म्हणायची, "रविवारी आम्ही कुठे जात नाही रे." एका माणसाच्या एका थापेपायी दोन म्हातारी माणसं इतकी वर्षं दर रविवारी घर धरून बसली होती, हा विचार त्याला साधारणपणे शनिवारी रात्री यायचा आणि सोमवारी सकाळी जायचा.

चष्मा त्याने मन लावून केला. ताईच्या डोळ्यांचे नंबर त्याला गेल्या तीस वर्षांचे तोंडपाठ होते. कुठल्या वर्षी डावा डोळा बिघडला, कधी जवळचा नंबर लागला, कधी तिने भांडून फ्रेम बदलून घेतली, सगळं. जिच्या डोळ्यांच्या आत काय आहे ते इतकं ठाऊक, तिच्या घराची पायरी कुठल्या दिशेला आहे ते ठाऊक नाही. आणि विचारायचं तरी कुणाला? ताईला वाट विचारणं म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचा कान धरून देणं. परदेशातल्या भाचीला, म्हणजे ताईच्याच मुलीला, त्याने आडून आडून निरोप पाठवला, तेव्हा तिने उत्तरादाखल एक लाल खूण पाठवली. नकाशावर ती खूण डोंगराच्या कुशीत, आजूबाजूला काहीही नसताना, एकटीच उभी होती. "मामा, तिकडे नेटवर्क नसतं," भाचीने खाली लिहिलं होतं, आणि त्याच्या स्वतःच्या मुलीने फोनवर तेच चढ्या आवाजात सांगितलं. "बाबा, नकाशा आधी डाउनलोड करा. एक निळी चौकट येते बघा. चौकटीत जेवढं दिसतंय तेवढं उतरवून घ्या. म्हणजे रेंज गेली तरी नकाशा राहतो." त्याने शनिवारी रात्री जेवणाच्या टेबलाशी बसून हे केलं. चौकट आली. चौकटीत जेवढं दिसत होतं तेवढं उतरलं. "झालं का?" बायकोने विचारलं, आणि झालं होतं, म्हणून तो झालं म्हणाला.

सकाळी निघाला तेव्हा मोबाइलमधली बाई खुशीत होती. पुढच्या चौकात डावीकडे. मग सरळ. मग थोडं उजवीकडे. गाडी चालवताना असं कुणीतरी सांगत राहिलं की त्याला बरं वाटायचं. दिवसभर दुकानात तो माणसांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवून, काचा बदलून बदलून एकच प्रश्न विचारायचा, "आता बरं दिसतंय, की आधी बरं दिसत होतं?" आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती, की माणसांना ते कळत नाही. ती अक्षरांच्या तक्त्याकडे बघायचं सोडून त्याच्या तोंडाकडे बघतात, की बाबा, तुझ्या मते आम्हाला काय दिसायला हवं? त्याचं स्वतःचंही तसंच होतं. भाजी कुठली, शर्ट कुठला, मुलीला कुठे शिकवायचं, सगळीकडे हे की हे, हे की हे, आणि शेवटी बायको वैतागून एक काहीतरी ठरवून टाकायची. म्हणून ही न वैतागणारी बाई त्याला आवडली होती. चुकलं तरी ती टोमणा मारत नव्हती, नुसती पुन्हा मार्ग शोधत होती.

शहर संपलं तिथे तेच चहाचं दुकान लागलं. बाकं बदलली होती, चहावाला तोच होता आणि सुदैवाने त्याने ओळख दाखवली नाही. एक चहा घेताना त्याने सवयीने मोबाइलवरचं ते मार्ग सांगणं बंद केलं. दुकानात एक गिऱ्हाईक उठून दुसरं बसेपर्यंत तो तक्त्यामागचा दिवा घालवायचा. कुणी बघत नसताना चालू असलेली वस्तू त्याला बघवत नसे. त्या बाईलाही जरा विश्रांती. दुसरा चहा त्याने घेतला नाही. उठला, गाडीत बसला, आणि जिथून तेव्हा मागे वळला होता तिथून पुढे गेला, तेव्हा आपण काहीतरी मोठं केलं असं वाटून त्याने उगाचच हॉर्न वाजवला. चढ सुरू झाला. रस्ता अरुंद झाला, दोन्हीकडे झाडं आली, मग झाडं गेली आणि नुसते दगड राहिले, आणि पहिला फाटा आला तेव्हा त्याने मोबाइल उघडला, तर बाई मुकी. वरच्या कोपऱ्यातल्या रेंजच्या रेघा गेल्या होत्या. मार्ग सापडत नाही, अशा अर्थाचं काहीतरी लिहून आलं. काही हरकत नाही, तो स्वतःशी म्हणाला, आपण काही कच्च्या गुरूचे चेले नाही, नकाशा उतरवलेला आहे. त्याने उतरवलेला नकाशा उघडला. पडद्यावर कोऱ्या पांढुरक्या पटांगणाच्या मधोमध एक निळा ठिपका होता. तो ठिपका म्हणजे तो. आजूबाजूला काही नाही. त्याने दोन बोटांनी पडदा ओढला, सरकवला, पुष्कळ सरकवला, आणि मग कोपऱ्यातून गल्ल्या आल्या. बारीक, स्पष्ट, एकेक गल्ली. औषधाचं दुकान. न्हाव्याचं दुकान. दाताचा दवाखाना. ताईची जुनी इमारत, नावासकट. आणि त्याचं स्वतःचं दुकान, त्याखाली लिहिलेलं, रविवारी बंद.

चौकटीत जेवढं दिसत होतं तेवढं उतरलं होतं, आणि जेवणाच्या टेबलाशी बसून चौकटीत त्याचं घर दिसत होतं. जी गल्ली तो डोळे मिटून चालला असता तिचा कानाकोपरा खिशात घेऊन तो डोंगरात आला होता. इथून न्हाव्याकडे कसं जायचं ते त्याला बिनचूक सांगता आलं असतं. त्याला हसू आलं आणि हसता हसता थांबलं, कारण डोळे मिटून चालणं ही त्याच्यासाठी नुसती म्हणण्याची गोष्ट नव्हती. लहानपणी तो जवळजवळ तसाच चालायचा. त्याला लांबचं दिसत नाही हे कुणाला माहीत नव्हतं, त्याला तर नव्हतंच. जगाच्या कडा अशाच मऊ असतात आणि माणसं जवळ आल्यावरच त्यांना तोंडं फुटतात अशी त्याची समजूत होती. मास्तर त्याला मठ्ठ म्हणायचे, वडील वेंधळा म्हणायचे आणि ताई चाचपड्या म्हणायची. पण शाळेत जाताना ती अर्धं पाऊल पुढे चालायची, त्याचं मनगट धरून, हात नव्हे, मनगट, आणि पुढे बघतच बोलत जायची. पायरी. खड्डा. सायकल. पायरी. तिला वाटायचं हा स्वप्नात असतो. त्याला वाटायचं मोठ्या बहिणींची ही बोलण्याची पद्धतच असते. एकदा त्याने तिचं कसलंसं गुपित आईला सांगितलं म्हणून तिने येताना त्याचं मनगट सोडलं आणि तोंड मिटून घेतलं. तो आपला चालत राहिला, जिना आला तसा चढला, दार उघडं होतं तसा आत गेला, हात धुऊन टेबलाशी बसला. कुणीतरी वाढलं. तो जेवला. आज आईच्या हाताला इतकी चव कुठून आली, असं मनात येऊन त्याने मान वर केली तेव्हा शेजारच्या काकू प्रेमाने विचारत होत्या, "आणखी वाढू का रे?" ताई तेवढा सगळा वेळ जिन्याखाली उभी होती. त्या रात्री ती वडिलांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "याला दिसत नाही. याला वेंधळा म्हणू नका." दुसऱ्या दिवशी त्याला चष्मा लागला आणि घरातल्या भिंतीला भेगा आहेत हे त्याला पहिल्यांदा कळलं. पुढे त्याने हाच धंदा धरला त्याला कारण दुसरं काही नव्हतं.

फाट्यापाशी एक माणूस बांधाचे दगड रचत होता. एक उचलायचा, फिरवून बघायचा, नापसंत करून खाली ठेवायचा. त्याला विचारण्यात धोका नव्हता; हा थोडाच ताईला सांगायला जाणार होता. त्याने काच खाली केली. "अहो, इकडे वर एक टेलिफोन ऑफिसातल्या बाई राहतात ना," त्याने सुरुवात केली.

"चष्मा आणलात का?" दगडवाला म्हणाला.

त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला. "तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही त्यांचे भाऊ. चष्मेवाले. एकदा येऊन कुलूप बघून गेलेले."

"कोणी सांगितलं?"

"बाईंनीच. सगळ्यांना ठाऊक आहे इथे." दगडवाल्याने एक दगड बसवला, थोपटला. "आमच्यात आता म्हणच पडलीय. कुणी घर सोडून निघालं की म्हणतो, जातोयस खरा, पण चष्मेवाला येऊन जाईल हां."

आपण एकदाही पाऊल न ठेवलेल्या डोंगरात आपल्या नावाची म्हण चालू आहे, हे काही रोज कानावर येत नाही. "मग वाट," तो कसाबसा म्हणाला, "वाट तीच आहे ना?"

"वाट कुठे जातेय. तुम्हाला माहीतच आहे." दगडवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं, आणि पुन्हा दगडांकडे वळला. "तेव्हा आलात तसेच जा."

तेव्हा आला होता तसं जायचं तर गाडी वळवून चहाच्या दुकानाशी जावं लागलं असतं. त्याने मानेने बरं म्हटलं, काच वर केली, आणि दगडवाल्याची नजर पाठीवर असताना फाट्यावर उभं राहणं शोभणार नाही म्हणून दोन रस्त्यांपैकी एक निवडण्याच्या कामाला लागला. एक रस्ता खाली दरीच्या काठाने जात होता, एक वर. हे की हे? त्याने डावा डोळा मिटून पाहिलं, मग उजवा मिटून पाहिलं. आता बरं दिसतंय, की आधी बरं दिसत होतं? दोन्ही डोळ्यांनी दोन्ही रस्ते सारखेच दिसले. समोर बघायला चष्मेवाल्याचं तोंडही नव्हतं. वरचा जरा स्वच्छ वाटला म्हणून त्याने वरचा घेतला, आणि आरशात त्याला दिसलं की दगडवाला कमरेवर हात ठेवून, हातातलं काम सोडून बघतो आहे.

वरचा रस्ता चढत गेला आणि चढतच गेला. ना घर, ना माणूस. निळा ठिपका कोऱ्या पटांगणातून इमानदारीने सरकत होता. इतकी वर्षं थाप मारली ती निदान एका ठरावीक घराबद्दल मारली असं तो धरून चालला होता; आता वाटायला लागलं की ते घर नसेलच, ताई असाच कुठलातरी आवाज असेल, पंख्याच्या वाऱ्यातून बोलणारा. आपल्याला भीती वाटते आहे, हे त्याला स्वच्छ कळलं. रस्ता चुकण्याची नव्हे. तिला जुन्या चष्म्याशिवाय दिसत नाही आणि नव्या चष्म्यानेही दिसलं नाही तर काय, याचीही नव्हे. आज पोचलो नाही तर बुधवारी फोनवर आपण पुन्हा काहीतरी सांगू, आणि ते आपल्याला सहज जमेल, याची. आणि तेवढ्यात एका उघड्या वळणावर, जिथे दोन्हीकडून वारा येत होता, मोबाइल शुद्धीवर आला. आधी तो चारदा थरथरला, मुलीचे निरोप पडले, पोचलात का, पोचलात का, आणि मग ती बाई, अशी की मध्ये काही झालंच नव्हतं, म्हणाली, "दोनशे मीटरवर डावीकडे वळा." त्याला इतका आनंद झाला की तो "वळतो, वळतो" असं मोठ्याने म्हणाला. वळणाच्या कडेला दोन माणसं उभी होती. म्हातारा पाठमोरा, दरीकडे तोंड करून खालच्या रस्त्यावर डोळे लावून उभा; शेजारी एक बाई, डोक्यावरून शाल पुढे ओढून घेतलेली, आणि शालीतून दिसणारा मोतीबिंदूनंतर देतात तो काळा चष्मा. तो नाकावरून घसरत होता. कुणी दिला असेल हा, एवढ्या धावपळीतही त्याच्या मनात आलं. माप नको का बघायला? गरीब बाई बघून काहीही गळ्यात मारतात. थांबून वाट विचारावी असंही वाटलं, पण मोबाइलमधली बाई "शंभर मीटरवर" म्हणाली, आणि त्याच क्षणी मोबाइल वाजायला लागला. पडद्यावर अक्षरं आली, ताई.

उचलला तर ती विचारणार, कुठे पोचलास, आजूबाजूला काय दिसतंय. आणि वळण आता निसटणार. "आलोच गं," तो वाजणाऱ्या फोनला म्हणाला, पण उचलला नाही, आणि त्या दोघांच्या अंगावर धूळ उडवत डावीकडे वळून खाली उतरला. उतारावर रेघा पुन्हा गेल्या. रिंग अर्धवट तुटली. शेवटचं वाक्य मात्र मोबाइलमधल्या बाईने पुरं केलं होतं, तुमचं ठिकाण डावीकडे आहे. डावीकडे एक बैठं घर होतं, दारापुढे ओसरी, खिडकीत कुंड्या. कुंड्यांची रांग वाकडी होती, ताईच्या जुन्या घरात असायची तशीच. तो उतरला, केस सारखे केले, चष्म्याची डबी खिशातून काढली आणि ओसरीवर चढला.

दाराला कुलूप होतं.

चांगलं मोठं, पितळेचं, लोंबणारं कुलूप. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, याच्या कपाळी कुलूप आलं. तो त्याकडे बराच वेळ बघत उभा राहिला, अगदी फोनवर सांगितलं होतं तसाच. मग त्याला आठवलं. आज रविवार. रविवारी ती कुठे जात नाही. म्हणजे डोळ्याचं काही झालं, रात्री दवाखान्यात न्यावं लागलं, आणि मघाशी तेच सांगायला फोन केला होता, आणि आपण आलोच गं म्हणालो. त्याने मोबाइल वर धरला, खाली धरला, पडद्यावरची नजर न हलवता ओसरीच्या चारी कोपऱ्यांत धरला. निळा ठिपका म्हणाला तुम्ही इथे आहात, आणि नकाशा म्हणाला तुमचं दुकान आज बंद आहे. ताईने कुंड्यांना सकाळी पाणी घातलेलं होतं, माती ओली होती, चिमट्यांनी लावलेले कपडे अजून टिपटिप गळत होते. म्हणजे दवाखाना नव्हे. धीर आला आणि धीराबरोबर, लाज वाटावी इतक्या चटकन, दुसरा विचार आला. कुलूप आहे. खरोखरचं आहे. डबी खिडकीत ठेवावी आणि निघावं. बुधवारी ताई म्हणेल, अगंबाई, आलास आणि आम्ही नव्हतो. आणि तो म्हणेल, असू दे गं, मला काय, सवयच आहे. डबी म्हणजे पुरावा. नवा पुरावा जुन्या थापेलाही पुरला असता. त्याने डबी दोन कुंड्यांच्या मध्ये ठेवली, गाडीपर्यंत गेला, आणि तिथून नीट दिसते ना हे बघायला वळला, तेव्हा त्याला खुर्ची दिसली.

ओसरीच्या कोपऱ्यात, पावसाची झड लागणार नाही अशा बेताने ठेवलेली. ती त्याची खुर्ची होती. ताईच्या जुन्या घरात दिवाणखान्याच्या खिडकीशी असायची, आणि दुकान बंद करून तो जायचा तेव्हा तीवरच बसायचा. खुर्चीच्या डाव्या हातावर सिगारेटचा डाग होता, त्यानेच पाडलेला. बैठकीवरच्या उशीचा रंग उन्हाने पार उडाला होता, पण उशी मधोमध दबलेली नव्हती. शेजारी तिवईवर झाकलेलं पाण्याचं भांडं आणि पालथा पेला. त्याने झाकण काढून पाहिलं. पाणी ताजं होतं, आजचं.

बसायलाही काही नव्हतं, असं कोण म्हणालं होतं?

तो डबी घेऊन आला आणि खुर्चीवर बसला. उशी नव्यासारखी कडक होती. आता कुणी वर्षभर आलं नाही तरी उठायचं नाही, असं त्याने ठरवलं, आणि हे त्याने एकट्याने, हे की हे न करता ठरवलं, हे त्याच्या मागाहून ध्यानात आलं. वरच्या वळणाकडून वारा उतरत होता. त्याचा घोंघाट त्याला ओळखीचा वाटला, पण कुठला ते आठवेना. मग त्या वाऱ्यातून वरच्या उतारावरून एक आवाज आला, सावकाश, सांगत येणारा. "दगड. खड्डा. इथे जरा निसरडं. दगड." वळणावरून पायवाटेने दोन माणसं उतरत होती. पुढे म्हातारा, त्याच्या हातात बाईचं मनगट. बाईच्या डोक्यावर शाल, नाकावरून घसरणारा काळा चष्मा. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण त्याने शाळेत घोकली होती. कळशाच्या अंगावर धूळ उडवून वळसा घालायचा, इतकं काही मास्तरांनी शिकवलं नव्हतं.

"कोणी आहे का हो?" ताईने मेहुण्यांना विचारलं.

"खुर्चीवर कोणीतरी बसलेलं दिसतंय," मेहुणे म्हणाले. ते नेहमीच जपून बोलायचे.

"मी आहे," तो म्हणाला.

ताई ओसरीपाशी येऊन थांबली. "फोन का नाही उचललास? आम्ही वर उभे. हे म्हणतात खालच्या रस्त्याने येईल, आणि तू आपला कुठून तरी उगवलास."

"भाऊजी, तुम्ही वळणावर होतात?"

"मग कुठे असणार? घरात कुठे लागतो फोन," मेहुणे म्हणाले. "दर बुधवारी जातो. हिचा नेम आहे."

"पण पंखा," तो म्हणाला.

मेहुणे हसायला लागले. "पंखा म्हणे. तू बंद कर म्हणालास की ही शाल डोक्यावरून ओढते आणि फोनसकट आत जाते. मी बाहेर उभा. येणारे-जाणारे विचारतात, बाईंना काही होतंय का?"

"वारा आहे म्हणून सांगायचं ना," तो ताईला म्हणाला.

"सांगितलं असतं तर म्हणाला असतास, इतकं चढून कशाला जातेस, नको करत जाऊस फोन." ती खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. "आणलास का? दे."

त्याने डबी उघडली. हातांना काम येत होतं. काळा चष्मा काढला, नवा चढवला, काड्या कानांमागे बसवल्या, नाकावर बोटाने दाबून पाहिलं. घसरत नव्हता. तिचे डोळे इतक्या जवळून त्याने खूप दिवसांनी पाहिले. "ताई," तो म्हणाला, "त्या वेळी मी..."

"हलू नकोस. बघू दे मला." तिने त्याला वरून खालपर्यंत पाहिलं, टक्कल, पोट, धुळीचे बूट, काही सोडलं नाही. मग दाराकडे बघत, कनवटीची किल्ली काढत म्हणाली, "त्या वेळी या दाराला कडीसुद्धा नव्हती. सुतार यायचा होता. रात्री आम्ही आतून टेबल लावून झोपायचो."

"कुलूप त्या फोननंतर आणलं," मेहुणे म्हणाले. "मी म्हटलं, इथे चोर कोण येतंय? तर म्हणाली, तो कुलूप होतं म्हणतोय, तर असायला हवं."

तो खुर्चीच्या हातावरचा डाग नखाने खरवडत राहिला. "आणि खुर्ची?"

"बसायला काही नव्हतं म्हणालास ना," ताई म्हणाली. तिने कुलूप काढलं, दार ढकललं आणि मागे न बघता त्याचं मनगट धरलं. आतून स्वयंपाकाचा वास येत होता.

"पायरी," ती म्हणाली.

त्याच्या डोळ्यांवर स्वतःच्या दुकानातला चांगला चष्मा होता आणि उजेडही भरपूर होता. त्याने खाली न बघता पाय उचलला.